बाद पेटीतला मासा

माझ्या आत्याचा आवाज काढायचा असेल तर आधी ओठांत पेन्सिल धरावी लागते. समोर नाही, उजव्या कोपऱ्यात. मग वाक्य डाव्या बाजूने बाहेर सोडायचं आणि मध्येच तोडायचं, कारण तिला तेवढ्यात काहीतरी मोजायचं असतं. "हे बघ, तू आधी ते... बेचाळीस... हां, काय म्हणत होते मी?" झाली आत्या तयार. लग्नाच्या फोटोतसुद्धा तिचं तोंड उजवीकडे जरासं वाकडं आहे. आतोबा म्हणतात, फोटोग्राफर येईपर्यंत पेन्सिल होती, ऐन वेळी मी काढून घेतली.

आतोबा म्हणजे आत्याचा नवरा. बसचे कंडक्टर होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी बस अजून त्यांच्यातून उतरलेली नाही. दारात कोणी रेंगाळलं की, "चला, पुढे सरका, आत जागा आहे!" घंटीची दोरी हातात नाही म्हणून ते जिभेने वाजवतात. एक टिंग म्हणजे थांबा. दोन टिंग म्हणजे चला. ताटात आमटी नको असली की एक, आत्याला चपला घालून निघायचं असलं की दोन. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो आणि हे दोघं आमच्या पायाखाली, त्यामुळे त्यांच्या घरात काय चाललंय ते आम्हाला घंट्यांवरून कळतं.

आत्या कातारी आहे. आमच्या रस्त्याच्या टोकाला, टायरच्या दुकानामागे, फर्निचरचा लांबलचक कारखाना आहे. तिथे तिसऱ्या खिडकीशी तिचा लेथ. खिडकीची काच भुशाने इतकी पांढरी झालीय की बाहेर पाऊस आहे की ऊन ते आवाजावरून ओळखावं लागतं. लेथवर लाकूड गरागरा फिरतं, आत्या त्याला पटाशी लावते, आणि सालं तिच्या मनगटावरून वर उडत केसांत जाऊन बसतात. एकतीस वर्षं ती खुर्च्यांचे पाय काढतेय. ती उभी राहते तिथे फरशीवर दोन खोलगट जागा झाल्यात, उजवी जास्त खोल.

पायांना ती पाय म्हणत नाही, भावंडं म्हणते. चार भावंडं सारखी निघाली पाहिजेत, केसाचा फरक नको. स्टूल जोडून झालं की ती त्यावर काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास ठेवते आणि फोरमनला म्हणते, "मारा." फोरमन स्टूलावर बुक्की मारतो. ग्लासातलं पाणी थरथरतं, पण सांडत नाही. दाराशी एक मोठी पेटी आहे, तिच्यावर लाल रंगात 'बाद' लिहिलंय. बिघडलेला माल त्यात जातो. आत्याच्या हातचं काही त्या पेटीत पडलंच तर त्या दिवशीचा चहा ती एकटी पिते, आणि कोणी तिच्या जवळ जात नाही.

एवढं सगळं सरळ, गोल, सारखं करणारी ही बाई रविवारी मात्र तळ्यावर जायची, आणि तिथे तिचं सगळं वाकडं व्हायचं.

तळं गावाबाहेर, बसने वीस मिनिटं. त्यात बास आहेत. बास म्हणजे हिरवट पाठीचा, ऐसपैस तोंडाचा मासा. बुडालेल्या झाडांच्या आडोशाला दबा धरून बसतो, आणि समोरून काही गेलं की आधी गिळतो, मग विचार करतो. हे मासे धरणाऱ्यांचा एक छोटा क्लब आहे. एक खोली, एक लाकडी धक्का आणि एकच बोट. पाणीपुरवठा खात्याने एकाच बोटीला परवानगी दिलीय. म्हणून क्लबचा नियम असा: हंगामात ज्याने सगळ्यांत लांब बास धरला, त्याला पुढचं वर्षभर बोटीची किल्ली. हंगाम संपतो तो शेवटच्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता. मासा मोजायचा, पाण्यात परत सोडायचा, आणि खोलीतल्या फळीवर चाकूने खाच पाडायची.

चार वर्षं किल्ली एकाच खिशात होती. दातांच्या डॉक्टरांच्या.

डॉक्टरांचा आवाज अगदी सोपा. गालात कापूस कोंबल्यासारखं बोलायचं, आणि समोरच्याचं दुःख वाटून घ्यायचं. "आपण आता जरासं तोंड उघडणार आहोत. छान. थोडंसं लागेल हं." ते सगळ्यांशी असेच बोलतात. धक्क्यावर कोणाचा मासा सुटला तरी, "छान. आता आपण चूळ भरू या." किल्लीला त्यांनी प्लास्टिकची दाढ लावलीय, खऱ्या दाढेच्या चौपट.

आत्या तळ्याच्या काठाने दगडांवरून फिरत मासे धरायची. पण यंदा तिच्या उजव्या गुडघ्याने संप पुकारला. एकतीस वर्षं त्याच पायावर भार टाकून उभं राहिल्यावर तो तरी काय करणार? हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाल्या, "दगड बंद."

"सगळे?"

"सगळे. सपाट जमिनीवर फिरा, बसून काय ते करा."

तळ्याच्या काठाला सपाट असं काही नाही, तो धक्का सोडला तर. आणि धक्क्यावर वर्षानुवर्षं येऊन-जाऊन सगळे गळ टाकणार, त्यामुळे तिथे हाती लागतात ते बोटभर मासे आणि हातभर गप्पा. बसून मासे धरायचे तर बोट हवी. घरी आल्यावर आत्याने पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. पेन्सिल काढली म्हणजे प्रकरण गंभीर असतं.

"या वर्षी किल्ली मिळाली तर मिळाली. नाहीतर गळाची काठी माळ्यावर. धक्क्यावर बसून गप्पा मारायला मी काय म्हातारी झालेय?"

आतोबांनी टिंग केलं नाही की टिंग टिंग केलं नाही.

डॉक्टरांची यंदाची खाच होती चौपन्न सेंटिमीटरवर. आत्याची एकतीसवर. हंगामाचे उरले होते पाच रविवार.

पहिल्या रविवारी तिला धक्क्यावर एक बरासा बास मिळाला, पण गळ पार आत गेला होता, मासा वाचण्यातला नव्हता. म्हणून घरी आणला. स्वयंपाकघरात नळाखाली तो साफ करताना आत्या एकदम ओरडली. आम्हाला वाटलं बोट कापलं. खाली धावलो, तर ती माशाच्या पोटातून निघालेला दुसरा मासा वर्तमानपत्रावर ठेवून कॅलिपरने मोजत होती.

"सोळा! अहो, सोळा सेंटिमीटर! हा स्वतः अडतीसचा, आणि जेवण सोळाचं!"

"मग रात्रीचं जेवला नसता तो," आतोबा म्हणाले.

"तेच तर! आपण ह्यांना काय दाखवतोय? करंगळीएवढं रबरी गांडूळ!"

मग तिने ते सगळं आमच्यापुढे मांडलं, पेन्सिल परत तोंडात, म्हणजे डाव्या बाजूने. वसंतात तळ्यातली रुपेरी पिल्लं नखाएवढी असतात, तेव्हा छोटं आमिष ठीक. पण हंगामाच्या शेवटी तीच पिल्लं वीतभर होतात. पुढे थंडी. थोराड बासला तेव्हा दहा घासांसाठी दहा वेळा धावायचं नसतं, एकदाच उठून एकदाच पोट भरायचं असतं. म्हणजे मोठा मासा हवा तर याच दिवसांत मोठं आमिष हवं. दुकानात एवढं मोठं मिळत नाही, मिळालं तरी आत्याला दुसऱ्याने केलेली वस्तू आवडत नाही. म्हणून मासा लाकडाचाच करायचा. लाकूड आपसूक तरंगतं, ओढलं की जरा बुडतं, थांबलं की हळूच वर येतं. दमलेला मासा असाच वर येतो.

"समजलं?" आत्याने विचारलं.

"समजलं," आतोबा म्हणाले. "तू खुर्चीच्या पायाने मासे धरणार."

तो पहिला लाकडी मासा काय देखणा झाला होता! वीस सेंटिमीटर, दोन्ही टोकांना निमुळता, काचेसारखा गुळगुळीत. डोळ्यांच्या जागी सोफ्याला मारतात त्या पितळी चुका. दोर नाकाच्या अगदी मधोमध. तिहेरी गळ दोन, एक डावीकडे, एक उजवीकडे, कारण एकाच बाजूला लावला तर समतोल बिघडेल, नाही का?

धक्क्यावर डॉक्टरांनी तो हातात घेतला, दात तपासावा तसा उलटसुलट केला. "छान. छानच. ताई, आज आपण मासे धरणार आहोत की लाटणार आहोत?"

धक्का हसला. त्या दिवसापासून त्याचं नाव लाटणं.

लाटणं पाण्यात पडलं, आत्याने रीळ फिरवायला घेतलं, आणि लाटण्याने जे केलं ते लेथवर केलं असतं तर तिला बक्षीस मिळालं असतं. ते स्वतःभोवती गरागरा फिरायला लागलं. इतकं सुरेख फिरलं की सगळा दोर टेलिफोनच्या वायरीसारखा पिळून निघाला. दोर सोडवण्यात दुपार गेली. डॉक्टर बोटीतून परत येताना म्हणाले, "लागलं का थोडंसं?"

आत्याला वाटलं, कुठेतरी तो पुरेसा गोल नाही. म्हणून तिने दुसरा केला, जास्त गोल. तो जास्त फिरला. तिसरा तर इतका बिनचूक होता की फोरमनने तो शोकेसमध्ये ठेवायला मागितला. तळ्यावर त्याने दोर तीन ठिकाणी तोडला आणि स्वतः पलीकडच्या काठाला निघून गेला. असे तीन रविवार संपले. माझी आई म्हणाली, "वन्सं, एकदा गांडूळच लावून बघा ना." आत्याने तिच्याकडे अशी नजर टाकली की आई परत वर निघून आली.

चूक सापडली ती आतोबांना, आणि तीही कपडे भिजवायच्या टबात. उरलेलं एक लाटणं त्यांनी टबात सोडलं आणि बोटाने ढकललं. ते लोळलं. परत ढकललं. परत लोळलं, आणि कुठल्याही बाजूवर खुशाल पडून राहिलं.

"अगं, इकडे ये. ह्याची पाठ कुठली आणि पोट कुठलं?"

"म्हणजे?"

"म्हणजे प्रवासी कुठे तोंड करून बसलाय तेच कळत नाही. खरा मासा कधी असा बघितलास? सगळीकडून सारखा?"

आत्या टबाशी खाली बसली. गुडघ्याने कुरकुर केली तरी बसली. पेन्सिल पाण्यात पडली, तिला पत्ता नाही. एकतीस वर्षं तिने एकही वस्तू अशी केली नव्हती जिला वरची बाजू आणि खालची बाजू असेल. लेथवर ते होतच नाही. माशाला तर जड पोट हवं, हलकी पाठ हवी, म्हणजे तो सरळ राहतो आणि डुलतो. गळही पोटाखालीच हवेत. क्लबात हे प्रत्येकाला ठाऊक होतं, पण फुकटची करमणूक कोण बंद करतो?

"मग वाकडा कर," आतोबा म्हणाले. सोपं होतं की!

सोपं नव्हतं. आत्याने संध्याकाळी कामानंतर थांबून तीन वेळा वाकडा मासा करायला घेतला, आणि तिन्ही वेळा सरळ निघाला. डोळ्यांनी ठरवलं तरी हात ऐकेनात. जरा कुठे फुगवटा राहिला की पटाशी आपोआप जाऊन त्याला समजावायची. "माझ्या हाताला वाईट काम येतच नाही हो," ती अक्षरशः रडकुंडीला येऊन म्हणाली. एवढी प्रामाणिक तक्रार मी आजवर कोणाची ऐकलेली नाही. शाळेत मी ती रोज वापरून बघते, पण कोणी विश्वास ठेवत नाही.

शेवटच्या रविवारच्या आधीचा बुधवार. आत्या कारखान्यात गेली ती थेट बाद पेटीशी, आणि कमरेपर्यंत आत वाकली. फोरमन चक्रावला. "काय शोधताय? तुमचं काय असणार तिथे?"

"आहे एक. तळाशी."

नऊ महिन्यांपूर्वी तिचा गुडघा पहिल्यांदा दगा देऊन गेला तो लेथवरच. पाय निसटला, अंग पुढे गेलं आणि पटाशी लाकडात घुसली. त्या लाकडात एका बाजूला काळी, दगडासारखी गाठ होती. पटाशी गाठीवर अडली आणि उसळून समोरच्या बाजूचा लचका घेऊन गेली. आत्याने कोणी बघायच्या आत तो खुर्चीचा पाय पेटीत तळाला खुपसला, आणि गुडघ्याचं तीन महिने घरीही सांगितलं नाही. आता तो तुकडा तिने उजेडात धरला. एका बाजूला गाठीचं जड पोट. दुसऱ्या बाजूला खोलगट, हलकी पाठ. मासाच होता तो. फक्त ती नऊ महिने त्याला चूक समजत होती.

तिने त्याला लेथला शिवू दिलं नाही. बावीस सेंटिमीटर कापला, मधोमध दोन तुकडे केले, ते कडीच्या स्क्रूंनी सैलसर जोडले, म्हणजे शेपूट मोकळं. दोन्ही गळ पोटाखाली. दोर नाकाच्या जरा खाली. मग व्हार्निशचे चार हात, कारण लाकडाने पाणी प्यायलं तर ते फुगतं आणि ओंडक्यासारखं बुडतं. डोळ्यांना त्याच पितळी चुका.

शनिवारी टबाभोवती आम्ही सगळे. आत्याने तो पाण्यात पाठीवर सोडला. त्याने आपलं आपण कूस बदलली आणि पोट खाली करून बसला. दोर ओढला, तर डावीकडे डुलला, उजवीकडे डुलला, शेपूट मागून खटखट करत आलं.

"हा प्यायलाय काय गं?" आतोबा म्हणाले.

"लंगडतोय," आत्या म्हणाली, आणि महिन्याभरात पहिल्यांदा खो खो हसली. "अगदी माझ्यासारखा लंगडतोय मेला!"

त्याचं नाव लंगड्या.

शेवटचा रविवार आत्याने मागवून घ्यावा तसा उगवला. आभाळ भरलेलं, पण पाऊस नाही. वारा सरळ धक्क्याकडे. मोठ्या लाकडी आमिषाला असाच दिवस लागतो. लख्ख उन्हात, आरशासारख्या पाण्यात माशाला लाकूड लाकूडच दिसतं. पाण्यावर शिरशिरी असली की त्याला फक्त आकार दिसतो आणि पाण्यातले हिसके कळतात. वाऱ्याने रुपेरी पिल्लं ढकलत ढकलत धक्क्याखाली आणली होती, आणि पिल्लांच्या मागे जेवणारे येतातच.

डॉक्टर बोट घेऊन पलीकडच्या बुडालेल्या झाडांकडे गेले होते. आत्या स्वतः केलेल्या स्टूलावर बसली. जाड दोर, दांडगी काठी. लंगड्याचं वजन बुटाएवढं. तो मनगटाच्या झटक्याने भिरकावता येत नाही, दोन्ही हातांनी झोका देऊन सोडावा लागतो. पडला की 'धबाक'. पडल्यावर लगेच ओढायचा नाही, तरंग विरेपर्यंत गप्प बसायचं. मग अगदी सावकाश रीळ, चार वेटोळी, थांबा, परत चार वेटोळी. आतोबा शेजारी उभे राहून हळूच वाजवत होते. टिंग. टिंग टिंग.

दोन तास काही नाही. मी थर्मासमधला अर्धा चहा संपवला.

मग अडीचच्या सुमाराला लंगड्याच्या मागे एक सावली आली. आधी मला वाटलं ढगाची. पण ढगाला कल्ले नसतात. काय तो मासा! लंगड्याच्या मागे वीतभर अंतर ठेवून, न घाई न गडबड, येतोय आपला. आत्याचा हात थिजला. रीळ थांबलं. लंगड्या थांबला. मासाही थांबला. त्याने नाक जवळ नेलं, शेपटीपासून डोळ्यापर्यंत निवांत बघून घेतलं, आणि नुसता भाव विचारून दुकानातून निघणाऱ्या गिऱ्हाइकासारखा वळून निघून गेला.

लंगड्या रिकामाच ओढून घेतला. आत्या पांढरीफटक.

"एक सांगू?" आतोबा म्हणाले. "बस उभी असेल तर लोक काय करतात?"

"अहो, आत्ता बस नको हो!"

"सांग तरी. उभ्या बससमोर लोक पेपर वाचतात, सिगरेट संपवतात. चढत नाहीत. पण मी दोन घंट्या दिल्या आणि बस हलली, की बघ कसे धावतात! चौतीस वर्षं बघितलंय मी. उभ्या बसमागे कोणी धावत नाही."

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. पेन्सिल डावीकडे गेली. हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

सव्वाचारला डॉक्टर रिकाम्या हाताने परत आले. बोट बांधली, हात पुसले, घड्याळ पाहिलं. "ताई, आपली पंचेचाळीस मिनिटं उरलीत. घाई नाही. आरामात बसा."

"बसलेच आहे," आत्या म्हणाली.

तिने लंगड्या धक्क्याच्या खांबांना लागून, लांब समांतर टाकला. धबाक. तरंग विरले. चार वेटोळी. टिंग. परत चार. आणि खांबाच्या काळोखातून तीच सावली सुटी झाली.

मी श्वास रोखला. डॉक्टरांनी रोखला. सावली लंगड्याच्या शेपटाशी आली. आत्याने एक क्षण, एकच क्षण, हात थांबवला. लंगड्या हळूच वर तरंगायला लागला. मासा नाक लावायला पुढे सरकला. आणि आतोबांनी आयुष्यातली सगळ्यात जोरदार घंटी दिली.

"टिंग टिंग!"

आत्याने रीळ गरकन तीनदा फिरवलं. लंगड्या कुल्ले हलवत पळाला. आणि बस सुटलेल्या माणसासारखा तो मासा धावला! पाणी फुटलं. धक्क्यावर आमच्या तोंडावर शिंतोडे उडाले. लंगड्या गायब.

"ओढा! ओढा ताई, ओढा!" डॉक्टर पहिल्यांदा कापसाविना बोलले.

आत्याने ओढलं नाही. छोट्या गांडुळाला लगेच झटका देतात, पण एवढं लाकूड माशाने अजून नीट तोंडात घेतलेलंच नसतं. झटका दिलात की ते त्याच्या दातांतून निसटून तुमच्या कपाळावर येतं. आणि आत्याच्या हातांना हे कोणी शिकवावं लागलं नाही. लाकडाने पटाशी पकडली की हिसकायची नसते, पकड घट्ट ठेवून वजन येऊ द्यायचं असतं. एकतीस वर्षं रोजचं काम. तिने वजन येऊ दिलं. आलं. काठी कमरेपर्यंत वाकली, तेव्हा ती शांतपणे मागे रेलली.

"आता," ती म्हणाली, आणि गळ बसला.

मासा थेट खांबांकडे निघाला. दोर खांबाला घासला की तुटलाच. त्याला बाहेर काढायचा तर उठून धक्क्याच्या टोकाला जायला हवं होतं. आत्या उठली. उजवा गुडघा लटपटला. मी पुढे झाले तर तिने नजरेनेच एक टिंग केलं. तिने पायाने स्टूल पुढे ढकललं, दुखरा गुडघा त्यावर टेकला, आणि भार टाकला. परत ढकललं, परत टेकला. असं करत करत टोकापर्यंत. मासा हिसके देत होता, आत्या डोलत होती, आणि स्टूल? जराही डगमगलं नाही. चार भावंडं सारखी होती.

तीन वेळा मासा खाली गेला, तीन वेळा वर आला. चौथ्या वेळी आडवा पडला. आतोबांनी जाळं पाण्यात धरलं. "चला, पुढे सरका, आत जागा आहे!" आणि तो खरंच सरकला.

पण दोन्ही गळ जबड्यात अडकलेले. ते काढणार कोण? आम्ही सगळ्यांनी एकाच माणसाकडे पाहिलं.

डॉक्टरांनी बाह्या वर केल्या, खिशातून चिमटा काढला, ओल्या फडक्यावर मासा घेतला. जगात एवढं मोठं तोंड उघडणारा पेशंट त्यांना कधी मिळाला नसेल. "आपण आता... हो, असंच... छान, फारच छान... थोडंसं लागेल हं..." दहा सेकंदांत दोन्ही गळ बाहेर. मी शपथेवर सांगते, त्यांनी माशाचे कल्लेसुद्धा थोपटले.

मग मोजणी. नियम असा की खाच ज्याची, त्यानेच मोजायचं. डॉक्टरांनी मोजपट्टीची फळी पाण्याने भिजवली, माशाचं नाक शून्याला लावलं, शेपूट मिटवलं. वाकले. चष्मा काढला, पुसला, परत वाकले. घड्याळात पाचला अकरा मिनिटं कमी.

"ताई," ते म्हणाले, "सत्तावन्न."

आतोबांनी टोपी उडवली, ती तळ्यात पडली.

"थांबा, थांबा. सत्तावन्न आणि अर्धा. तो अर्धा मी सोडू देणार नाही. फळीवर नीट लिहायचं."

आत्याने मासा दोन्ही हातांनी पाण्यात धरला, दम खाऊ दिला, आणि तो एक फटका मारून तिला नखशिखान्त भिजवून गेला. डॉक्टरांनी खोलीत जाऊन चाकूने स्वतःच्या खाचेच्या वर नवी खाच पाडली, खोल, हात जराही आखडता न घेता. मग खिशातून किल्ली काढली. प्लास्टिकची दाढ सोडवायला लागले.

"राहू द्या," आत्या म्हणाली. "बसवलेली दाढ उगाच कशाला काढता?"

धक्का हसला, आणि या वेळी डॉक्टर सगळ्यांत मोठ्याने.

मग त्यांनी लंगड्याला उचलून पाहिलं. व्हार्निशवर दातांच्या दोन ओळी उमटल्या होत्या, एक पाठीवर, एक पोटावर. "व्यवस्थित चावा आहे," ते म्हणाले. आणि अगदी हळू, पेशंटच्या खुर्चीत स्वतः बसल्यासारखे, "असा एक मला करून द्याल?"

"नाही येत हो करता. त्याला आधी गुडघा जावा लागतो."

पाच वाजले. क्लबच्या खोलीला कुलूप लागलं, हंगाम संपला. आता आणखी तीन महिने कोणी गळ टाकायचा नाही. शहाण्या माणसाने किल्ली घेऊन घरी जायचं.

आत्या बोटीकडे चालू लागली.

"अगं, आता कुठे? काठीसुद्धा बंद केली ना?"

"मला ती बुडालेली झाडं जवळून बघायचीत. पुढच्या वर्षी लंगड्या कुठे टाकायचा ते आत्ताच... सत्तावन्न... ठरवायला नको?"

तिने दोन्ही हात बोटीच्या काठावर टेकले, दुखरा पाय आधी आत घेतला, आणि फळीवर अशी ऐसपैस बसली की जणू ती बोट तिच्याच मापाने कापलेली. वल्ही धरली. आतोबा मागच्या बाजूला, बिनटोपीचे. लांबवर उघडं पाणी समोर, एकही दगड नाही. डॉक्टरांनी बोट धक्क्यापासून ढकलून दिली आणि मी तोंड उघडायच्या आत, कापूसबिपूस काही न घालता, चक्क त्यांनीच ओरडून सांगितलं:

"टिंग टिंग!"